राखून ठेवलेली बाहुली

आमच्या वन्सं पुस्तक हातात घेतलं की आधी त्याचा वास घेतात. मग ते नवंकोरं असो की पानं फाटून लोंबत असोत. ह्यांची ती थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "वाचनालय सात वाजता बंद होतं, त्यानंतर मला बघायला येणार कोण?" हे त्यावर दर वेळी नव्याने हसतात.

उभं आयुष्य त्यांनी वाचनालयाच्या बालविभागात काढलं. तळमजल्यावरची लांबट खोली, मुलांच्या छातीपर्यंत येणारी कपाटं, खिडकीशी एक मोठं टेबल आणि त्यावर डिंकाची बाटली, कापडी चिकटपट्टी, तारखेचा शिक्का. मोडलेल्या पुस्तकाचा कणा बसवताना त्यांचा चेहरा हाडवैद्यासारखा होतो. जिभेला बोट लावून पान उलटणारं पोर दिसलं की लांबून ओरडतात, "अरे, पुस्तक आहे ते, चाटण नव्हे!" मुलं त्यांना गोष्टआत्या म्हणतात. शनिवारी दुपारी त्या गोष्ट सांगतात आणि मुलं हातात मोज्यासारख्या बाहुल्या घालून ती करून दाखवतात. त्या बाहुल्या शिवायचं काम माझं. मी सुईदोऱ्याचा डबा घेऊन मागे खिडकीशी बसते, कारण दर शनिवारी कुणा ना कुणा बाहुलीचा डोळा निखळतोच.

ह्या वहीत मी रोज दूध, औषधं आणि देवाशी झालेलं बोलणं लिहिते. आज वन्संविषयी लिहिते आहे.

मागच्या गल्लीत एक कुटुंब राहायला आलं. फार लांबच्या देशातून आलेलं. नवरा बेकरीत, बायको इस्पितळाच्या धुलाईघरात आणि त्यांची एक मुलगी. काळाभोर वर्ण, दाट कुरळे केस आणि पुढचे दात पडलेले. वाचनालयात पहिल्यांदा आली ती मोज्यांवरच गुळगुळीत फरशीवर गिरक्या घेत सुटली. वन्सं ओरडल्या, "अगं भिंगरी, डोकं फुटेल!" तेव्हापासून ती भिंगरीच झाली. हे नाव तिलाही आवडलं असावं, कारण कुणी हाक मारली की आधी एक गिरकी आणि मग 'ओ'.

थोड्याच दिवसांत कुणीतरी त्यांच्या दारालगतच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं, 'परत जा'. वन्संना कळलं तशा त्या बादली आणि घासणी घेऊन निघाल्या. मीही गेले, बादली धरायला. भिंगरीचे वडील "राहू द्या बाई, मी करतो" म्हणत होते, पण वन्सं ऐकतात कुठे! कोपरापर्यंत काळं पाणी ओघळेपर्यंत त्यांनी भिंत घासली. भिंत स्वच्छ झाली, पण वन्संचं मन काही थाऱ्यावर येईना. रात्रीचं जेवताना घास तसाच हातात धरून म्हणाल्या, "वहिनी, ज्याने हे लिहिलं तोही कधीतरी माझ्याकडेच गोष्ट ऐकायला आलेला असणार. इथलं एक पोर माझ्या हाताखालून सुटलेलं नाही. मग इतकी वर्षं मी त्यांना वाचून दाखवलं काय? ससे आणि राजपुत्र?"

हे म्हणाले, "ताई, जगाचं पाप तू कशाला डोक्यावर घेतेस? जेव बघू."

पण त्यांनी घेतलंच. त्यांना हवी तशी गोष्ट कपाटात सापडेना, तेव्हा स्वतःच एक लिहिली. मुलांनी भरलेली एक नाव बेटावरच्या शाळेत निघालेली असते. काठावर वेगळ्या रंगाची एक मुलगी येऊन उभी राहते. नावेतली मुलं तिला घेत नाहीत. ती एकटी रडत बसते. पुढे नाव गाळात रुतते, मुलांना आपली चूक उमजते, ती मागे येऊन तिला हात देतात आणि सगळी मिळून शाळेत पोचतात. वाचून दाखवली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अजूनही ती गोष्ट वाईट होती असं मला म्हणवत नाही.

नावेतल्या मुलांसाठी वन्संनी एक ओळ रचली होती. 'जागा नाही, जागा नाही, तुझ्या रंगाला जागा नाही!' तिच्या तालावर त्यांनी फार मेहनत घेतली. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणून दाखवायच्या, डब्यावर बोटं वाजवायच्या. मुलांना सांगायच्या, "दबकत म्हणू नका. वाईट बोलणं किती वाईट असतं ते कानाला कळलं पाहिजे. जोरात! पाय आपटून!" पोरांना काय, पाय आपटायला मिळतात म्हटल्यावर छप्पर उडायचं बाकी राहायचं. शेवटची माफी मात्र लांबलचक होती आणि तिला ताल नव्हता. ती मुलांना जमेना, म्हणून वन्संच म्हणायच्या.

बाहुल्या मी जुन्या उशांच्या अभ्र्यांतून शिवल्या. फिकट गुलाबी कापड भरपूर होतं, त्यात नाव भरली. काठावरच्या मुलीसाठी ह्यांचा तपकिरी स्वेटर कापला. त्याची एक बाही कसरीने खाल्लेली, दुसरी धड होती. एका बाहीत एकच बाहुली झाली. लोकरीचे कुरळे केस लावले, त्यावर माझा अख्खा आठवडा गेला. वन्संनी ती भिंगरीच्या हाती ठेवली तेव्हा त्या पोरीने बाहुली गालाशी धरली आणि म्हणाली, "माझे केस!" मला अगदी धन्य वाटलं. परतताना वन्सं म्हणाल्या, "बघितलंस? मुलाला पुस्तकात आपल्यासारखं कुणीतरी दिसावं लागतं." त्या दिवशी देवापुढे बसले तेव्हा मी बाहुलीबद्दलही आभार मानले.

गोष्ट फारच गाजली. पालक बघायला येऊ लागले, शाळांचे वर्ग येऊ लागले, आणि दर शनिवारी तीच हवी म्हणून मुलं हटून बसायची. टोपली फिरायची, मुलं हाताला येईल ती बाहुली घ्यायची. नावाड्याच्या बाहुलीला मी निळी टोपी शिवली होती, तिच्यासाठी झोंबाझोंबी व्हायची. तपकिरी बाहुली मात्र टोपलीत नसायची. ती वन्संच्या मांडीवर असायची, भिंगरीसाठी.

एकदा भिंगरीने विचारलं, "आज मी नावाडी?"

वन्सं हसून म्हणाल्या, "अगं, तू नावाडी झालीस तर काठावर कोण उभं राहील? पुढच्या वेळी हं."

सगळे हसले. खिडकीशी बसून मीही हसले.

मग ती उशिरा येऊ लागली. टोपली फिरून झालेली, मुलं उलट्या बाकांच्या नावेत चढलेली, आणि ही दारात. गिरकी नाही की काही नाही. वन्सं चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "आलीस का राणीसरकार? घाबरू नकोस, तुझी बाहुली राखून ठेवलीय." ती मुकाट्याने हात पुढे करायची. मला वाटायचं, किती सांभाळून घेतात वन्सं! दुसऱ्या कुणी उशीर केला तर भिंतीला पाठ लावून बसायला लागायचं.

मागच्या आठवड्यात गुरुवारी मी कणीक मळत होते. आमची नात खाली फरशीवर खेळत बसली होती. तिने पिठाच्या डब्याच्या झाकणाची नाव केली होती, त्यात लाकडी चमचे बसवले होते. एक चमचा माझ्या हातून कधीतरी विस्तवावर करपला होता, तो बाहेर ठेवलेला. आणि ती झाकण वाजवत म्हणत होती, "जागा नाही, जागा नाही, तुझ्या रंगाला जागा नाही!"

काय ताल होता! एक अक्षर चुकत नव्हतं.

मी विचारलं, "आणि शेवटी काय म्हणतात गं?"

"शेवटी टाळ्या वाजवतात."

"त्याच्या आधी?"

तिने जरा आठवून बघितलं. "त्याच्या आधी आत्याआजी काहीतरी लांबलचक म्हणतात."

"हे तुम्ही वाचनालयातच म्हणता ना?"

"नाही गं आजी, बागेतल्या झोपाळ्यापाशी पण. भिंगरी आली की."

माझे हात पिठातच थांबले. "मग भिंगरी काय करते?"

"काही नाही. गोष्टीतल्यासारखी उभी राहते."

"आणि तू?"

"मी पण म्हणते. सगळेच म्हणतात," ती म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघून मग तिने करपलेला चमचा उचलला आणि नावेत ठेवला. पण ते मला बरं वाटावं म्हणून.

हे त्याच दिवशी वन्संना सांगायला हवं होतं. त्या शेजारच्या खोलीत गुणगुणत पुस्तक चिकटवत होत्या, कुणा शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाबासकी दिलेली, त्यामुळे खुशीत होत्या. माझी जीभ रेटेना. मी देवापुढे बसले आणि सगळं त्याला सांगितलं. देवाला सांगितलं म्हणजे सांगून झालं, अशी मी माझी समजूत घालून घेतली. शुक्रवारीही तेच केलं.

शनिवारी भिंगरी आलीच नाही. वन्संनी बाहुली मांडीवर घेतली, मग खुर्चीवर ठेवली, दाराकडे बघितलं. शिपाईदादा पाण्याची कळशी भरून आत आले, त्यांना विचारलं, "आमची उशीरमहाराणी दिसली का रे कुठे?"

"आज नाही बाई. आणि उशीर कसला? ती तर सगळ्यांच्या आधी येते."

"आधी?"

"जिन्यात बसून राहते ना. टोपली फिरायची थांबली की मग आत जाते. मी एकदा म्हटलं, जा की आत. तर म्हणाली, बाहुल्या संपू देत."

वन्संच्या हातातला चष्मा तसाच राहिला. "मग मला कधी बोलला नाहीस ते!"

दादा गोंधळले. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही बाहुली तिच्यासाठी राखून ठेवायचात ना."

दादा गेल्यावर मी उठले आणि झोपाळ्यापाशी काय चालतं ते हळूच वन्संच्या कानात सांगितलं. कधी कळलं ते मात्र सांगितलं नाही.  मुलं ओरडत होती, "आत्या, जागा नाही म्हणायचं ना?" वन्सं म्हणाल्या, "नको." त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. टोपलीवर त्यांनी स्वतःची शाल टाकली आणि मुलांना ज्याचं त्याने वाचायला बसवलं.

वाचनालय बंद झाल्यावर आम्ही दोघी मागच्या गल्लीत गेलो. दार वडिलांनी उघडलं. पहाटेच्या पाळीला जाणारा माणूस, नुकताच झोपेतून उठलेला. भुवयांत पीठ अडकलेलं. आम्हाला बघून त्याचीच धांदल उडाली. "बाई, आज पाठवायचं राहून गेलं, माफ करा. तिच्या पोटात दुखत होतं. तुम्ही एवढं करता तिच्यासाठी…" असं तोच आमची क्षमा मागायला लागला, आणि आम्हाला कुठे बघावं ते कळेना.

भिंगरी फरशीवर मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. तिने वर बघितलं नाही. वन्संचे गुडघे असे, की खाली बसल्या तर उठवायला दोन माणसं लागतात. तरी त्या तिच्यासमोर खाली बसल्या. एक मोजा उचलला, त्याचा जोडीदार शोधला आणि दुमडून ढिगात ठेवला. मग दुसरा.

"भिंगरी, तू जिन्यात बसायचीस हे मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण मी विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

ती बराच वेळ मोजे लावत राहिली. मग म्हणाली, "बाहुली राखून नका ठेवू. मी उशिरा आले तरी. नसली की काठावर उभं राहायला लागणार नाही."

"नाही ठेवणार."

"आणि ते गाणं पुस्तकातून काढता येत नाही का?"

वन्संनी एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी समजावून सांगतील, गोष्टीचा अर्थ, त्यांचा हेतू. त्या म्हणाल्या, "ते पुस्तकातलं नाही गं. मी लिहिलंय."

भिंगरीने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही? मला वाटलं पुस्तकात आहे, म्हणून तुम्हाला वाचावं लागतं."

इतके दिवस ती पोर वन्संना मनातल्या मनात माफ करत आली होती. ते माफीचं कारणही आम्ही त्या दिवशी काढून घेतलं. तिचे वडील म्हणाले, "असं बोलू नये, बाईंनी आपली भिंत घासली होती." त्यावर वन्संनी तोंडाला पदर लावला. त्यांना उठवायला मी आणि तो, दोघे लागलो.

वाटेत त्या माझ्या हाताचा आधार घेऊन चालत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, कोळशाने लिहिलेलं निदान पुसता तरी आलं."

तेव्हा मला राहवेना. मी सांगून टाकलं की झोपाळ्याचं मला गुरुवारीच कळलं होतं. त्यांनी माझा हात सोडला. आमच्या दारापर्यंत त्या भिंतीला धरून चालल्या.

घरी ह्यांनी समजूत घातली, "ताई, तू चांगल्या मनाने केलंस ना?"

"मी चांगल्या मनाने केलं म्हणून त्या पोरीला कमी लागलं असेल का रे?" वन्सं म्हणाल्या.  

नातीला मी जवळ घेऊन बसले. रागवायचं ठरवलं होतं, पण रागवायला तोंड कुठे होतं? मी म्हटलं, "तू ते म्हणतेस तेव्हा भिंगरीला लागतं." ती म्हणाली, "पण ते गोष्टीतलं आहे." मी म्हटलं, "भिंगरी गोष्टीतली नाही ना."  रात्री झोपताना विचारलंन, "मग आत्याआजींनी शिकवलं कशाला?" मी तिला थोपटत राहिले.

सोमवारी कापडाच्या दुकानात गेले. तपकिरी कापडाचे तागेच्या तागे होते, वाळक्या पानापासून मातीपर्यंत सगळ्या छटांचे. दुकानदार म्हणाला, "हे तर नेहमीच असतं, तुम्ही कधी मागितलं नाहीत." आठवडाभर शिवत बसले. वन्सं रोज शेजारी येऊन बटणं निवडून द्यायच्या, बोलायच्या मात्र कामापुरतं.

आज शनिवार. भिंगरी येईल असं आम्हा दोघींनाही वाटत नव्हतं. मुलं जमली, बाकं उलटी करून नाव मांडली, आणि ती आत आली, वेळेवर. आल्यावर दाराशीच थांबली. वन्संनी टोपली उचलून तिच्यापुढे धरली. मांडी मोकळी होती.

"हवी ती घे."

तिने सगळ्या बाहुल्या एकेक करून बघितल्या. जुनी कुरळ्या केसांचीही होती त्यांत. मग निळ्या टोपीवाली घेतली. झोंबाझोंबी झाली नाही. मुलं नावेत चढली, काठावर कुणीच उरलं नाही. वन्सं नेहमीसारख्या नावेच्या टोकाला स्टुलावर बसल्या.

"आता नाव निघाली बेटावर," त्या म्हणाल्या.

"नाही निघणार," नावाडी म्हणाला.

मुलं चुळबुळली. हे गोष्टीत नव्हतं. भिंगरीने बाहुलीचा हात वर केला. "झोपाळ्यापाशी ज्यांनी म्हटलं त्यांनी उतरायचं. मग नाव निघणार."

कुणी हललं नाही.  एक मुलगा म्हणाला, "गंमत होती ती." नावाड्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. मग आमची नात उठली. कान लाल झालेले, नजर खाली. बाकावरून पाय काढला आणि फरशीवर येऊन उभी राहिली. तिच्यामागून आणखी एकदोघं उतरली. मग नात हळूच म्हणाली, "पण आम्हाला आत्याआजींनी शिकवलं."

सगळ्यांचे डोळे स्टुलाकडे वळले. वन्संनी मान हलवली. "खरं आहे," त्या म्हणाल्या. टेबलाला धरून उठल्या, नावेतून खाली उतरल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, उशीर करणारी मुलं बसतात तिथे.

नाव निघाली. निघालेली नाव म्हणजे एक लांब दोरी; ती धरून उरलेल्या मुलांनी खोलीला एक फेरी घातली आणि भिंतीपाशी आली. वन्संनी हात पुढे केला नाही, नुसतं बघितलं. भिंगरी म्हणाली, "अजून नाही."

"बरं," वन्सं म्हणाल्या. "मी थांबते."

गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. खुर्ची नेऊन द्यावी असं मनात आलं, पण त्यांनी ती घेतली नसती. मी सुई कापडात टोचून ठेवली, मांडीवरचे दोरे झटकले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वन्संनी माझ्याकडे बघितलं नाही, पण कोपर माझ्या कोपराला टेकवलं.

नाव पुन्हा आली. नावाडी थांबला. "तुम्ही पण?"

"हो," मी म्हटलं. "तपकिरी बाहुली मी एकच शिवली होती. आणि गुरुवारी मला कळलं, तरी मी बोलले नाही."

भिंगरीने जरा विचार केला. बाहुलीची टोपी सरळ केली.

"मग थांबा," ती म्हणाली, आणि नाव पुढे गेली.